योकोहामाच्या नावातला ‘एफ’ नेमका कोणाचा?

अंधेरीकर यांचा प्रश्न

मुंबई सिटी एफसीचे बहुसंख्य भागभांडवल सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये घेतले, तेव्हापासून त्या समूहाशी संबंधित इतर क्लबांचे सामनेही मी जमेल तसे पाहत आलो आहे. योकोहामा एफ. मारिनोस या जपानी क्लबातही समूहाने २०१४ मध्ये थोडा हिस्सा घेतला होता, एवढीच माझी त्या क्लबाशी ओळख. नावातला ‘एफ’ म्हणजे फुटबॉल, असे मी इतके दिवस बिनदिक्कत धरून चाललो होतो. परवा मात्र कळले की हे अक्षर फ्ल्यूगेल्स नावाच्या, आज अस्तित्वात नसलेल्या क्लबाचे आद्याक्षर आहे, आणि त्याच शहरात योकोहामा एफसी नावाचा दुसराच क्लब त्याच फ्ल्यूगेल्सचा वारसा सांगतो. एका क्लबाच्या नावात अक्षर उरले आहे आणि दुसऱ्याच्या नावात तेही नाही, तरी वारसदार म्हणून लोक दुसऱ्याकडेच बोट दाखवतात, हे कोडे मला सुटत नाही. फ्ल्यूगेल्स बंद का पडला आणि त्याचा इतिहास खरोखर कोणाकडे गेला, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मधली फळी यांचे उत्तर

उत्तर जरा लांबणार आहे, कारण ही गोष्ट १९९८ मध्ये सुरू होत नाही. टोकियो ऑलिंपिकच्या वर्षी, म्हणजे १९६४ मध्ये, योकोहामा शहरातल्या नाका प्रभागात मुलांसाठी क्रीडा मंडळ सुरू झाले आणि त्यातून पुढे प्रौढांचा फुटबॉल संघ उभा राहिला. त्या काळी जपानचे अव्वल फुटबॉल म्हणजे कंपन्यांचे फुटबॉल होते. मित्सुबिशी, निस्सान, फुरुकावा, यानमार अशा कंपन्यांचे संघ आपापल्या कर्मचाऱ्यांसह देशाच्या लीगमध्ये खेळत. त्या गर्दीत हा मोहल्ल्यातून आलेला क्लब वेगळाच होता. ऑल निप्पॉन एअरवेज या विमान कंपनीने १९७९ मध्ये त्याला हात दिला, पण देणारा हात हळूहळू घेणारा झाला आणि काही वर्षांत संघाचे नावच कंपनीच्या नावाने लागू लागले.

जुन्या मंडळींना हे मानवले नाही. मार्च १९८६ मध्ये हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या तोंडावर सहा खेळाडूंनी मैदानात उतरायला नकार दिला आणि संघाला पूर्ण अकरा खेळाडूही उभे करता आले नाहीत. बहिष्कार टाकणाऱ्यांवर कठोर कारवाई झाली आणि क्लबावरची कंपनीची पकड उलट घट्ट झाली. फ्ल्यूगेल्सच्या शेवटाविषयी लिहिणारे बहुतेक जण या प्रसंगाला एका ओळीत उरकतात. माझ्या मते बारा वर्षांनी जे घडले त्याची पाळेमुळे इथेच आहेत. क्लब कोणाचा, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता आणि दडपलाही गेला होता.

१५ मे १९९३ रोजी जे-लीग ही जपानची व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या दहा क्लबांत योकोहामाचे दोन क्लब होते: निस्सान मोटारींचा मारिनोस आणि विमान कंपनीचा फ्ल्यूगेल्स. पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांचा आग्रह असा की क्लबाने कंपनीचे नाव टाकावे आणि गावाचे नाव घ्यावे. मारिनोस म्हणजे स्पॅनिशमध्ये खलाशी, बंदराच्या शहराला शोभेल असे. आणि फ्ल्यूगेल म्हणजे जर्मनमध्ये पंख, विमान कंपनीला शोभेल असे. (जर्मनमध्ये या शब्दाचे अनेकवचनही ‘फ्ल्यूगेल’ असेच होते, शेवटचा ‘स’ इंग्रजीच्या वळणाने चिकटवलेला आहे. पण नाव कानाला गोड लागते, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही.) नावे बदलली, तिजोरीच्या किल्ल्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. विमान कंपनीने खर्च वाटून घेण्यासाठी सातो कोग्यो या बांधकाम कंपनीला भागीदार करून घेतले होते आणि वर्षाअखेरची तूट या दोन कंपन्या मिळून भरत असत.

पहिल्या वर्षांत पैसा खेळत होता. १ जानेवारी १९९४ रोजी सम्राट चषकाच्या अंतिम सामन्यात फ्ल्यूगेल्सने काशिमा अँटलर्सला जादा वेळेत ६-२ असे लोळवले, त्यानंतरच्या हंगामात आशियाई चषकविजेत्यांची स्पर्धाही जिंकली. १९९५ मध्ये सेझार सांपायो, झिन्यो आणि एव्हाइर हे तीन ब्राझिली खेळाडू एकदम आणले. झिन्यो आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेल्या संघात होता, यावरून खर्चाचा अंदाज यावा. तोवर जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटून काही वर्षे झाली होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये यामाइची सिक्युरिटीज आणि होक्काइदो ताकुशोकु बँक कोसळल्या, बांधकाम धंद्याचे कंबरडे मोडले आणि १९९८ मध्ये सातो कोग्योने फुटबॉलमधून अंग काढून घेतले. ती कंपनी पुढे २००२ मध्ये दिवाळखोरीतच गेली. एकट्याने ओझे वाहणे विमान कंपनीला नको होते, आणि मारिनोसचा खर्च निस्सानलाही जड जातच होता. २९ ऑक्टोबर १९९८ रोजी दोन्ही क्लबांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. खेळाडूंना विश्वासात घेतले नव्हते आणि पाठीराख्यांना विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. बहुतेकांना बातमीतूनच कळले की पुढच्या वर्षी आपला क्लब नसेल.

विलीनीकरण हा शब्दही कागदोपत्रीच खरा. मारिनोसची कंपनी, मैदान आणि निळा-पांढरा-लाल रंग कायम राहिला, फ्ल्यूगेल्सचे काही खेळाडू तिकडे गेले आणि नावात ‘एफ’ घातला गेला. एका अक्षराने पाठीराख्यांच्या तोंडाला पाने पुसली, असे मी म्हणेन.

जुना गोलरक्षक यांचे उत्तर

मधली फळी यांनी कारणे नेमकी सांगितली आहेत, परंतु घोषणेनंतरचे दोन महिने वगळले तर फ्ल्यूगेल्सचे नाव आजही का घेतले जाते हे कळणार नाही, म्हणून तेवढे लिहितो.

घोषणेनंतर दोनच दिवसांनी लीगचा सामना होता. पुढच्या वर्षी कुठे खेळायचे हे ठाऊक नसलेल्या अकरा जणांनी सेरेझो ओसाकाला ७-० असे हरवले. हा सामना धरून लीगचे उरलेले चारही सामने त्यांनी जिंकले. प्रशिक्षक होते गेर्ट एंगेल्स. त्यापूर्वी बार्सिलोनाचे कार्लेस रेशाक हंगाम अर्धवट सोडून गेले होते आणि त्यांच्या हाताखालचा हा जर्मन माणूस संघ सांभाळत होता. बाहेर पाठीराखे स्टेशनांसमोर उभे राहून सह्या आणि देणग्या गोळा करत होते. २ डिसेंबरला विलीनीकरणाच्या करारावर सह्या झाल्या आणि ती आशाही मावळली.

आता उरला होता फक्त सम्राट चषक. ही बाद पद्धतीची स्पर्धा, आणि अंतिम सामना परंपरेने नववर्षदिनी टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर. जो सामना हरू तो क्लबाच्या आयुष्यातला शेवटचा, हे प्रत्येक वेळी बूट बांधताना डोक्यात ठेवून खेळायचे, याची कल्पना करून पाहा. मी स्वतः जिल्हा पातळीवर अनेक वर्षे गोलखांबांत उभा राहिलो आहे आणि साध्या बाद फेरीतही पेनल्टीपूर्वी तोंडाला कोरड पडते हे अनुभवाने सांगतो. ओत्सुका फार्मास्युटिकल ४-२, व्हेनफोरे कोफू ३-० या पहिल्या दोन फेऱ्या तशा सोप्या गेल्या. पण उपांत्यपूर्व फेरीत समोर ज्युबिलो इवाता आला आणि उपांत्य फेरीत काशिमा अँटलर्स, म्हणजे त्या वर्षीचे जपानमधले सर्वांत बलाढ्य दोन संघ. काशिमा तर त्या हंगामाचा लीगविजेता. पहिल्याला २-१ आणि दुसऱ्याला १-० असे हरवून फ्ल्यूगेल्स १ जानेवारी १९९९ पर्यंत जिवंत राहिला.

अंतिम सामन्यात गाठ पडली शिमिझू एस-पल्सशी. हाही योगायोग पाहण्यासारखा आहे. पहिल्या दहा क्लबांत मोठ्या कंपनीच्या संघातून न जन्मलेला, नागरिकांच्या भांडवलावर उभा राहिलेला क्लब हाच होता. तोही १९९७ मध्ये बुडायच्या बेतात होता आणि सुझुयो या गावातल्याच मालवाहतूक कंपनीने तो वाचवला. म्हणजे वर्षभरापूर्वी तरलेला क्लब आणि त्या दिवशी बुडणारा क्लब समोरासमोर होते. सुमारे ५० हजार प्रेक्षकांसमोर तेराव्या मिनिटाला मासाआकी सावानोबोरीने शिमिझूला आघाडी मिळवून दिली. मध्यंतराच्या अगदी तोंडावर योशिकियो कुबोयामाने बरोबरी साधली आणि ७३व्या मिनिटाला ताकायुकी योशिदाने दुसरा गोल केला. २-१. कर्णधार मोतोहिरो यामागुचीने चषक उंचावला आणि त्या घटकेला क्लब संपला. घोषणेनंतर सलग नऊ विजय, पराभव एकही नाही.

बरोबरीचा गोल करणारा कुबोयामा पुढच्याच हंगामात त्याच शिमिझूकडून खेळू लागला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ताळमेळ यांचे उत्तर

एक छोटी दुरुस्ती सुचवतो, कारण नोंदी तपासताना हमखास गोंधळ होतो. अंतिम सामना १ जानेवारीला झाला तरी विजेतेपद आदल्या वर्षाच्या नावावर धरले जाते. त्यामुळे फ्ल्यूगेल्सचे दोन सम्राट चषक अधिकृत यादीत १९९३ आणि १९९८ या वर्षांपुढे सापडतील, १९९४ आणि १९९९ पुढे नाही. वरच्या दोन्ही उत्तरांत सामन्यांच्या तारखा बरोबर आहेत.

कूपरेजचा प्रेक्षक यांचे उत्तर

सर्वांचा सूर एकाच बाजूला लागलेला दिसतो, म्हणून दुसरी बाजू नोंदवतो. १९९८ मध्ये निस्सानच्या डोक्यावर दोन लाख कोटी येनहून अधिक कर्ज होते आणि मार्च १९९९ मध्ये फ्रान्सच्या रेनोशी हातमिळवणी करून ती कंपनी कशीबशी उभी राहिली. कारखाने बंद होण्याची चर्चा चालू असताना फुटबॉलची तूट भरत राहा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? दोन आजारी क्लबांपैकी एकही न वाचण्यापेक्षा एक धड राहिला, आणि त्या एकाने २००३, २००४, २०१९ आणि २०२२ मध्ये लीग जिंकून दाखवली. निर्णय झाला तो चुकीचा होता असे मला वाटत नाही. झाला त्या रीतीबद्दल मात्र आक्षेप आहेच.

आपल्याकडे महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती, आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. कूपरेजवर लाल जर्सीतला तो संघ मी वर्षानुवर्षे पाहिला. हळहळलो, चार दिवस मित्रांशी बोललो आणि नंतर टीव्हीवर इंग्लंडची लीग पाहू लागलो. कंपनीला दोष देत नाही. संघ तिचा होता आणि तिने तो बंद केला. प्रश्न आम्हा प्रेक्षकांचा होता. योकोहामाच्या लोकांचे वेगळेपण मला तिथे दिसते. त्यांना वाटले की हा आपलाही आहे, आणि त्याप्रमाणे त्यांनी खिशात हात घातला.

जपानच्या लीगनेही पुढे कान टोचून घेतले, पण फार उशिरा. २०१३ च्या हंगामापासून प्रत्येक क्लबाला परवाना लागू लागला. सलग तीन वर्षे तोटा झाला किंवा देणी मालमत्तेहून वाढली तर परवाना रोखण्याची तरतूद त्यात आहे.

निशिकासाई यांचे उत्तर

मी गेली अनेक वर्षे टोकियोत नोकरीनिमित्त राहतो आणि वर्षातून दोन-तीनदा योकोहामा एफसीचे सामने पाहायला जातो, तेव्हा कोड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पाठीराख्यांनी सह्या गोळा करता करता लक्षात घेतले की क्लब वाचत नसेल तर नवा काढावा लागेल. बार्सिलोनाप्रमाणे वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या मालकीचा क्लब काढायचे ठरले; अशा सभासदाला स्पॅनिशमध्ये ‘सोसिओ’ म्हणतात आणि तोच शब्द त्यांनी जसाच्या तसा उचलला. डिसेंबर १९९८ मध्ये, म्हणजे फ्ल्यूगेल्स अजून सम्राट चषकात खेळत असतानाच, नव्या क्लबाची कंपनी स्थापन झाली. फ्ल्यूगेल्स हे नाव वापरण्याचा हक्क मिळाला नाही, म्हणून संघाचे नाव साधे योकोहामा एफसी ठेवले आणि कंपनीच्या नावात ‘फुरिए’ हे पाठीराख्यांचे फ्ल्यूगेल्ससाठीचे लाडके नाव हळूच बसवले. तेव्हा अंधेरीकर, आपला अंदाज या क्लबापुरता बरोबर आहे: इथला ‘एफ’ फुटबॉलचाच.

नव्या संघाला नियमाप्रमाणे जिल्ह्याच्या लीगपासून सुरुवात करावी लागली असती. परिस्थिती पाहून त्याला थेट तिसऱ्या स्तरावरच्या जेएफएलमध्ये सहसभासद म्हणून घेतले गेले. यासुहिको ओकुदेरा, म्हणजे जर्मनीच्या बुंडेसलिगात खेळलेला पहिला जपानी खेळाडू, क्लबाच्या कारभारासाठी पुढे आले आणि १९९० चा विश्वविजेता पिएर लिटबार्स्की प्रशिक्षक झाला. १९९९ मध्ये संघ लीगमध्ये पहिला आला, पण सहसभासद असल्यामुळे बढती नाही. २००० मध्ये पुन्हा पहिला आला आणि २००१ पासून जे-२ मध्ये, म्हणजे जे-लीगच्या दुसऱ्या स्तरावर, खेळू लागला. अशी सुरुवात पाहून कोणालाही वाटावे की पुढे सगळे मनासारखे झाले. तसे झाले नाही. पैशांची ओढाताण सुरू झाली, सभासदांच्या हाती किती अधिकार असावेत यावरून व्यवस्थापन आणि सोसिओ यांच्यात बिनसले, आणि २००५ मध्ये लेओक या खानपान सेवा देणाऱ्या कंपनीकडे सूत्रे गेली. मधली फळी यांनी सांगितलेल्या १९७९ ची आठवण होते ना?

मात्र त्याच २००५ मध्ये दोन माणसे क्लबात आली. एक काझुयोशी मिउरा, ज्यांनी पुढे २०२० मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी जे-१ चा, म्हणजे सर्वोच्च स्तराचा, सामना खेळून विक्रम केला, आणि दुसरा मोतोहिरो यामागुची, शेवटचा चषक उंचावणारा तोच कर्णधार. २००६ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघाने जे-२ जिंकली. बचाव इतका चिवट होता की इटलीच्या ‘कातेनाचिओ’ला योकोहामाचा ‘हामा’ जोडून लोकांनी त्याला ‘हामानाचिओ’ नाव दिले.

मार्च २००७ मध्ये मित्सुझावावर योकोहामा एफसी आणि योकोहामा एफ. मारिनोस जे-१ मध्ये पहिल्यांदा समोरासमोर आले. मित्सुझावा हे टेकडीवरच्या उद्यानातले जेमतेम १५ हजार क्षमतेचे मैदान आहे. धावपट्टी नसल्यामुळे पहिल्या रांगेत बसले की पंचाची शिट्टी कानात वाजते आणि खेळाडू एकमेकांना काय ओरडून सांगतात तेही ऐकू येते. फ्ल्यूगेल्स इथेच खेळत असे. त्या दिवशी एफसीने १-० असा विजय मिळवला. ऑगस्टमधल्या परतीच्या सामन्यात मारिनोसने त्याचा ८-१ असा वचपा काढला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्या हंगामात एफसी चारच सामने जिंकून तळाला गेला. पण त्यातला एक विजय १ डिसेंबर २००७ चा, अगदी शेवटच्या दिवशीचा: मिउरांनी बगलेवरून दिलेल्या पासवर युइची नेमोतोने गोल केला, उरावा रेड्स ०-१ हरला आणि हातातोंडाशी आलेले विजेतेपद काशिमाकडे गेले.

त्यानंतर क्लब वर-खाली करतो आहे. २०१९, २०२२ आणि २०२४ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने बढती मिळवली, आणि प्रत्येक वेळी पुन्हा खाली घसरला. बोधचिन्हावर फिनिक्स पक्षी आहे. माझ्या शेजारी नेहमी बसणारे एक सत्तरीचे गृहस्थ एकदा म्हणाले की आमच्या पक्ष्याला राखेतून उठायची इतकी सवय झाली आहे की उडायला तो विसरूनच जातो. त्यांच्या गळ्यात आकाशी रंगाचा मफलर असतो आणि आतून, थंडी असो वा नसो, फ्ल्यूगेल्सचा विटलेला जुना मफलर.

अंधेरीकर यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका उरली आहे. नोंदवहीच्या दृष्टीने फ्ल्यूगेल्सचे ते दोन चषक आज कोणाच्या खात्यात आहेत? मारिनोसच्या, की एफसीच्या? आणि शेवटचा गोल करणाऱ्या योशिदाचे पुढे काय झाले?

मधली फळी यांचे उत्तर

दोघांच्याही नाही. मारिनोस आपले सम्राट चषक मोजतो तेव्हा निस्सानच्या काळापासून २०१३ पर्यंतचे सात मोजतो, आणि एफसीला तर कायदेशीर नातेच नाही. फुटबॉल संघटनेच्या विजेत्यांच्या यादीत योकोहामा फ्ल्यूगेल्स ही स्वतंत्र ओळ आहे आणि तिच्यापुढे आकडा दोन.

खेळाडू मात्र सगळीकडे विखुरले. गोलरक्षक सेइगो नाराझाकी आणि यामागुची नागोया ग्रॅम्पसला गेले आणि पुढच्याच नववर्षदिनी त्यांनी तिकडे पुन्हा सम्राट चषक जिंकला. मार्च १९९८ मध्ये मारिनोसविरुद्धच्या सामन्यात अठरा वर्षांच्या यासुहितो एंदोने फ्ल्यूगेल्सकडून पदार्पण केले होते. तो पुढे जपानकडून सर्वाधिक, १५२ सामने खेळला आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाला. नाराझाकीचा ६३१ लीग सामन्यांचा विक्रमही २०२० मध्ये मोडला तो एंदोनेच. योशिदाच्या वाट्याला नेमका ‘एफ’ आला: तो एफ. मारिनोसमध्ये गेला. खेळणे थांबवल्यावर तो व्हिस्सेल कोबेचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्या संघाने २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ दोनदा जे-१ चे विजेतेपद मिळवले. २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर कोण होते, तर योकोहामा एफ. मारिनोस.